रजईचा दोरा

सुरतेचे नाव निघाले की जर, रेशीम आणि व्यापार यांचे स्मरण होते; रजईचे क्वचितच कोणास होते. वस्तुतः सतराव्या शतकात या बंदरातून ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांवर जो माल विलायतेस जाई, त्यात रजयाही असत. आज त्याच शहरात कृत्रिम धाग्याचे माग अहोरात्र चालतात, आणि उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे नांदतात. मागावरचा उरलासुरला चकचकीत धागा घरी येतो. ओढून तुटत नाही. मग रजईचे टाके यानेच का घालू नयेत, असे गृहिणीच्या मनात येते.

प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर धाग्याच्या बळात नसून गाठीत आहे. गोधडीला सलग धावदोरा असतो. एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके भार घेतात. कापूस भरलेल्या जाड रजईस मात्र ठरावीक अंतरावर एकेक टाका घेऊन गाठ मारली, तर प्रत्येक गाठ एकटी असते. ती सुटली की कापूस सरकून कोपऱ्यात गोळा होतो, आणि पौषातल्या थंडीत अंगावर नुसती दोन कापडे उरतात. मागावरचा पॉलिएस्टरचा धागा अखंड, गुळगुळीत तंतूंचा. तो गाठीत स्वतःवरूनच घसरतो. सुताचे तंतू आखूड, त्यांची बारीक लव एकमेकींत गुंतते व गाठ धरून ठेवते. शिवाय ओले झाले की सूत अधिकच बळकट होते. व्हिस्कोजचे याच्या नेमके उलट. सुरतेत एके काळी कृत्रिम रेशीम म्हणून विणला जाणारा हा धागा पाण्यात फार दुबळा पडतो.

दुसरी गोष्ट कापडाची. वापरून मऊ झालेल्या सुती लुगड्यात न तुटणारा दोरा घातला, तर ताण बसताच कापड फाटते. दोरा तुटला तर नवा घालता येतो. आजीचे लुगडे नवे कोठून आणावयाचे?

दुकानात सुताचा नंबर विचारावा. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्याचा नंबर. म्हणजे नंबर मोठा तितके सूत बारीक. मोठा नंबर म्हणजे मजबूत दोरा, ही समजूत बाजारात पुष्कळांची फसगत करते. गाठींसाठी कमी नंबरचे, तीन किंवा अधिक पदरांचे, चांगल्या पिळाचे सूत घ्यावे. दोरा रंगीत असेल तर ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून पाहावा.

रजईचे दोन्ही पदर पॉलिएस्टरचेच असतील, तर त्याच जातीचा दोरा चालतो. मात्र गाठ दोनदा मारून वर तिसरा वेढा द्यावा, आणि शेंडे बोटाच्या पेराएवढे राखून मगच कापावेत.