विजेची सोसायटी आणि आपला डीपी

(मोहोळ तालुक्यांतील एका गांवीं शेतकरी व कारागीर यांच्या सभेंत शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



मला येथें उभें केलें तें मी विजेचा जाणता आहें म्हणून नव्हे. मी साधा मराठी शाळेचा मास्तर. मुलांस अक्षरें व अंक कसे शिकवावे एवढेंच मला ट्रेनिंग कॉलेजांत शिकविलें. पण गांवांत छापील कागद आला कीं तो मास्तराच्या ओसरीवर येतो, ही जुनी चाल आहे. पूर्वीं सावकाराच्या नोटिसा येत, मग मनिऑर्डरीचीं कुपनें आलीं, आतां विजेचीं बिलें येतात. पंपाचें बील, पिठाच्या गिरणीचें बील, सोलापुरांत माग चालविणाऱ्या भावाचें बील. कागद पुढें ठेवून माणूस विचारतो, "मास्तर, भरायचे किती?" इतक्या वर्षांत "हा आकडा आला कोठून?" असें विचारणारीं माणसें मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं भेटलीं. आज मी बोलणार आहें तें या दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

गेल्या रब्बीस आपल्या ओढ्याकाठचा डीपी जळाला, हें तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. नऊ दिवस त्या रानांत पाण्याचा थेंब गेला नाहीं. माझ्या थोरल्या भावाचें कांद्याचें रोप वाफ्यांतच करपलें. खेड्यांत जळालेला ट्रान्सफॉर्मर ४८ तासांत बदलून द्यावा असा वीज नियामक आयोगाचा दंडक आहे. पण तो आपल्यापैकीं कोणास ठाऊक नव्हता, मलाहि नव्हता. आपण काय केलें? घरटी वर्गणी काढली. ट्रॅक्टर आपला, डिझेल आपलें, डीपी उतरविणारीं माणसें आपलीं, आणि वर "चहापाणी" म्हणून रोख रक्कम एका इसमाच्या हातीं दिली. पावती नाहीं, वहींत नोंद नाहीं. तो इसम कोण व कोणत्या कचेरीचा, हें मी येथें काढीत नाहीं. आज आपलीच वही उघडावयाची आहे.

त्या डीपीची ताकद ६३ केव्हीए. पांच अश्वशक्तीचा एक पंप चालतांना साडेपांच केव्हीएच्या आसपास भार टाकतो. म्हणजे त्यावर पंप बसावे अकरा, फार तर बारा. मीं तारेखालून चालत जाऊन पंप मोजले. एकोणीस निघाले, आणि त्यांतले पांच आकड्यावर! बहुतेकांच्या पेटींत ऑटोस्विच बसविलेला. रात्रीं उठावें लागूं नये म्हणून तो बसवितात, आणि रात्रीं दोन वाजतां विंचवाकिरड्याच्या रानांत जाण्याचा कंटाळा कोणास नाहीं? पण त्याचा परिणाम असा होतो कीं, लाईट आली रे आली कीं सगळे पंप एकदम उठतात. मोटर उठतांना नेहमींच्या पांचसहापट करंट ओढते. एकोणीस बैलांनीं एका दाव्यास एकदम हिसका दिला तर दावें राहील काय? कपॅसिटर दोघांच्याच मोटरीस होता. तो असला तर तोच पंप पावणेपांच केव्हीएच्या आंत भागतो, आणि त्याची किंमत डीएपीच्या एका पोत्याहून कमी. तेव्हां नऊ दिवस आपणांस कोरडें कोणी ठेवलें याचा जाब अवश्य विचारा. पण डीपी जाळला तो आपण.

त्यानंतर चावडीपुढें तरुण मंडळींनीं बोलणें काढलें कीं, "मास्तर, आपण आपलीच विजेची सोसायटी काढूं. खांब आपले, वायरमन आपला, बील आपण लिहूं." बोलणें मला आवडलें. साखरेची सोसायटी होते, दुधाची होते, तर विजेची कां होऊं नये? पण ही वाट आपल्याआधीं कांहीं लोक चालून गेले आहेत. ते कोठें ठेंचाळले तें पाहून पाऊल टाकावें.

ही कल्पना अमेरिकेंतल्या शेतकऱ्यांची. १९३५ सालीं तेथें दर दहा शेतघरांपैकीं सुमारें एकाच घरीं वीज होती. खाजगी कंपन्या म्हणत, खेड्यांत खांब रोवणें परवडत नाहीं. रूझवेल्टच्या सरकारनें त्या सालीं ग्रामीण विद्युतीकरणाचें खातें काढलें, पुढल्या वर्षीं कायदा केला, आणि शेतकऱ्यांच्या सोसायट्यांस हलक्या व्याजानें कर्ज दिलें. वीस वर्षांच्या आंत दहांपैकीं नऊ घरीं दिवा लागला. यांतली मला भावलेली गोष्ट वेगळीच आहे. या सोसायट्या आपल्या सभासदांस छापील मासिक धाडतात. नवी तार कोठें ओढली, वार्षिक सभा कधीं, निवडणुकीस कोण उभें आहे, शिल्लक उरली ती सभासदांच्या नांवें कशी मांडली, हें सारें त्यांत असतें. रांधपाचे प्रकारहि छापतात, म्हणजे घरची बाई तो कागद हातीं धरते आणि हिशेबाचें पान आपोआप घरांत जातें. ही युक्ति मला फार शहाणपणाची वाटली.

आपल्या देशांत १९६९ सालीं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालें आणि पांच ठिकाणीं विजेच्या सोसायट्यांचा प्रयोग झाला: तेव्हांच्या आंध्रांत सिरसिल्ला, गुजरातेंत कोडिनार, कर्नाटकांत हुकेरी, उत्तरेस लखनौ, आणि आपल्या नगर जिल्ह्यांत मुळा-प्रवरा.

मुळा-प्रवरेचा मुलूख म्हणजे श्रीरामपूर, राहुरी, राहाता, संगमनेर, नेवासें या बाजूचीं पावणेदोनशेंच्या वर खेडीं. ऊसकऱ्यांचा मुलूख. ज्या प्रवराकाठीं विठ्ठलराव विखे पाटलांनीं १९५० सालीं शेतकऱ्यांचा साखर कारखाना चालू करून दाखविला, तेथल्या माणसांस सहकार शिकवावा लागला नाहीं. सोसायटीनें वीज मंडळाकडून घाऊक वीज घ्यावी, आपल्या तारांवरून सभासदांस किरकोळ विकावी, असा व्यवहार. पिठाच्या गिरण्या फिरल्या, विहिरींवर मोटरी बसल्या, चाळीस वर्षें त्या गांवांतले दिवे या सोसायटीनें जळत ठेविले. हें काम लहान नव्हे, आणि आज सोसायटी राहिली नाहीं म्हणून त्यास नांवें ठेवणें बरें नव्हे.

मग मोडलें कोठें? घाऊक वीज ज्या दरानें घ्यावयाची तो दर चढत गेला. शेतीपंपास ती विकावयाची ती स्वस्त, कारण पंपाचा दर सोसायटीच्या हातचा नव्हता. पुष्कळ पंपांस मीटर नाहीं, बील अश्वशक्तीवर. घेतलेली वीज किती पिकास गेली, किती तारेंत जिरली आणि किती आकड्यावरून पळाली, हें मोजावें कशानें? बाकी तुंबत गेली. मंडळाच्या जागीं २००५ सालीं महावितरण आलें, तरी बाकी वाढतच राहिली. ३१ जानेवारी २०११ रोजीं परवान्याची मुदत संपली आणि आयोगानें तो मुलूख महावितरणाकडे दिला. त्या वेळीं महावितरण आपलें येणें दोन हजार कोटी रुपयांच्या वर सांगत होतें. सोसायटीचें म्हणणें, आम्हांस लावलेला घाऊक दरच अन्यायाचा होता. कोर्टकचेऱ्या झाल्या. मला त्या वादांत निवाडा करावयाचा नाहीं. मला एवढेंच दिसतें कीं, घेतलेले युनिट किती व विकलेले किती, हे दोन आकडे ज्या सभेंत मोठ्यानें वाचतां येत नाहींत, तेथें सभासद उरत नाहीं, नुसता गिऱ्हाईक उरतो.

पण सगळ्याच सोसायट्या बुडाल्या असेंहि समजूं नका. हुकेरी बेळगांव जिल्ह्यांत, आपल्या मराठी मुलखाच्या उंबऱ्यावर. ती सोसायटी आजहि वीज वांटते. २०२५ सालीं तिची निवडणूक झाली तेव्हां मोठमोठे पुढारी दोन बाजूंस उभे राहिले. पुढारी जेथें इतके धांवतात तेथें कांहीं जीव आहे हें खरें, आणि सभासदानें डोळ्यांत तेल घालावें असेंहि कांहीं आहे हेंहि खरें. सिरसिल्ल्याची सोसायटीहि चालू आहे. सोलापुरांतल्या पद्मशाली विणकरांस तें नांव परकें नाहीं. मागवाल्यांचेंच गांव तें, आणि तेथले यंत्रमाग या सोसायटीच्या विजेवर फिरतात. सोलापुरांत चादर आणि टॉवेल विणणाऱ्या ज्या बांधवांचें सोयरें त्या बाजूस आहे, त्यांनीं पुढच्या लग्नकार्यास गेल्यावर एवढें काम करावें: तेथला दर काय, मागाची लाईट दिवसांतून किती वेळ जाते, आणि वार्षिक सभेस माणूस जातो कीं नाहीं, हें विचारून यावें. कागदावरच्या अहवालाहून व्याह्याचें बोलणें खरें असतें.

आतां कोणी म्हणेल, "मास्तर, एवढी यातायात कशास? पंपाची वीज तर फुकट झाली." झाली खरी. एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाचें बील सरकार भरावयाचें आहे. घेऊं नका असें मी म्हणत नाहीं. कर्जांत बुडालेल्या माणसास तेवढाच श्वास. परंतु फुकट झाल्यापासून बील कोणी उघडूनहि पाहत नाहीं, आणि येथेंच खोड आहे. सरकार पैसे भरतें तें आपल्या नांवावर लिहिलेल्या विजेचे. मीटर नसतां किती लिहिली? शेतीपंपाचा वापर फुगवून दाखवितात आणि इतरांची गळती व चोरी शेतकऱ्याच्या माथीं मारतात, अशी तक्रार वीज ग्राहक संघटना वर्षानुवर्षें करीत आल्या आहेत. आपण वाचलें नाहीं तर उद्यां कोणी म्हणालें, शेतकऱ्यानें राज्य खाल्लें, तर उत्तर काय देणार? आणि फुकट विजेचा डीपी जळाला तर वर्गणी फुकट जमत नाहीं, हें आपण पाहिलेंच. दक्षिण सोलापुरांत फताटेवाडी-आहेरवाडीस १३२० मेगावॅटचें वीजकेंद्र आहे. २०१७ व २०१९ सालीं त्याचे दोन संच चालू झाले. ती वीज देशभरच्या तारांत जाते हें मला कळतें. तरी ओढ्याकाठीं बॅटरी घेऊन दारें धरतांना दिव्याखालीं अंधार ही म्हण आठवतेच.

बिलाची आणखी एक गोष्ट सांगतों. परवां आमच्या आळींतल्या काकू बील घेऊन आल्या. त्यांचे मालक जाऊन सात वर्षें झालीं. सातबारा काकूंच्या नांवावर झाला, पण पंपाच्या बिलावर अजून मालकांचें नांव. मीं म्हटलें, "काकू, हें नांव बदलून घ्यायला पाहिजे." त्या म्हणाल्या, "असूं दे कीं गुरुजी, तेवढीच एक आठवण." मला पुढें बोलवेना. पण काकू आज येथें बसल्या आहेत म्हणून बोलतों: सोसायटी निघाली तर मत मयत माणसास नाहीं, जिवंतास आहे. पंपाचा अर्ज, तक्रार, भरपाई, सगळें ज्याच्या नांवावर जोडणी त्याच्या सहीनें चालतें. गांवांत अशीं किती बिलें मेलेल्यांच्या नांवावर आहेत तें मोजा. आठवण भिंतीवरच्या फोटोंत राहूं द्या, बिलावर बाईचें नांव येऊं द्या.

तर सोसायटीचें काय? २००३ च्या वीज कायद्यांत, ग्रामपंचायती, सहकारी संस्था, वापरणाऱ्यांचे संघ यांनीं घाऊक वीज घेऊन आपल्या गांवांत वांटण्याचें धोरण असावें असें लिहिलें आहे. वाट बंद नाहीं. गुजरातेंत खेडा जिल्ह्यांतल्या धुंडी गांवीं सहा शेतकऱ्यांनीं सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. पाणी पाजून उरलेली वीज ते २०१६ पासून वीज कंपनीस विकूं लागले. सहाच माणसें! पण एकोणीस पंपांचा हिशेब ज्यांस ठेवतां आला नाहीं त्यांनीं आज परवाना मागणें म्हणजे पाटी कोरी असतां मॅट्रिकला बसणें. माझें सांगणें असें: आधीं ओढ्याकाठच्या एका डीपीचें मंडळ करा. आकडे काढावयाचे, ते पहिले. त्यांत माझ्या चुलत्याचाहि एक आहे, तो मीं काल काढविला आणि त्यानें माझ्याशीं बोलणें टाकलें आहे. ज्यांचे अर्ज राहिले त्यांनीं रीतसर जोडणी मागावी, आणि दुसऱ्या डीपीचा अर्ज मंडळानें सह्या करून द्यावा. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, पंप पाळीनें चालवा. वर्गणी निघाली तर वहींत लिहा आणि दर अमावास्येस मारुतीच्या पारावर ती वाचा. डीपी जळाला तर त्याच तासास १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा नंबर वहींत टांकावा. ४८ तास तेथून मोजावयाचे. दाद लागली नाहीं तर ग्राहक तक्रार मंचाकडे जातां येतें, आणि तेथें वकील लागत नाहीं. थकबाकीसाठीं पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्यावांचून वीज तोडतां येत नाहीं, हेंहि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

नाना आतां विचारीत होते, "वही लिहील कोण? पुन्हां तूंच?" नाहीं नाना, मीं लिहिली तर ती मास्तराची वही होईल, आणि माझी बदली झाली कीं वहीहि जाईल. सातवींतल्या दोघी मुली, ज्यांच्या घरचे पंप या डीपीवर आहेत, त्यांनीं लिहावी; मी फक्त शुद्धलेखन तपाशीन. पुढल्या रविवारीं सकाळीं शाळेंत या. येतांना प्रत्येकानें गेल्या तीन वेळचीं बिलें आणावीं, जोडणी कोणाच्या नांवावर आहे व मंजूर अश्वशक्ति किती तें पाहून यावें. गिरणीवाले आणि सुतारमेटवाले यांनींहि यावें, त्यांची लाईट त्याच तारेवर आहे. ज्यांचीं बिलें चुलींत गेलीं असतील त्यांनीं ग्राहक क्रमांक तेवढा आणावा, बाकी मी शोधून देतों.