आधी पत्ता वाचा



इथं नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये मुलं दिवसभर बसतात. नोट्स मात्र व्हॉट्सॲपवर आलेल्या. कुणी लिहिल्या, ठाऊक नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. एकच सवय सांगतो: आधी पत्ता वाचा. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ आहे आणि अर्ज मोफत आहे. कुणी फी किंवा ओटीपी मागितला तर थांबा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. आयआयटींनी २००३ साली सुरू केलेल्या एनपीटीईएलवर व्याख्यानंही मोफत. पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे.

आणि एकटे शिकू नका. चौघांचा गट करा. नियम एकच: मूळ दुवा नसेल, तर फॉरवर्ड नाही. आपल्यातले अनेक जण घरातले पहिले पदवीधर असतील. त्यांना घरी विचारायला कुणी नसतं. हा गटच त्यांचा मोठा भाऊ, मोठी बहीण.