जोरात फुंकलं की सूर चढतो

 

आज आम्ही बचतीबद्दल बोलणार नाही आणि कर्जाच्या हप्त्याबद्दलही नाही. आज बोलायचंय एका वाद्याबद्दल. त्याचं नाव रेकॉर्डर.

नाव ऐकून आमच्या बैठकीत पहिला प्रश्न आला, "म्हणजे टेप का गं?" नाही. हा रेकॉर्डर तोंडाने फुंकायचा. आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीला शाळेत संगीताच्या तासाला प्लास्टिकचा रेकॉर्डर आणायला सांगितला होता. मग काय, घरात दिवसभर पीं पीं. ताई वैतागून म्हणाल्या, "यापेक्षा जत्रेतली पिपाणी बरी!" मुलीला राग आला. तिने आईचाच मोबाईल घेतला आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवून मोठमोठ्या वादकांचं वादन ऐकवलं. आम्ही गप्पच झालो. तेव्हापासून या वाद्याबद्दल जे वाचलं, ऐकलं, ते आज सांगतो.

आपली बासरी आडवी धरतात. तिच्यातून सूर काढायला ओठांचा कोन जमावा लागतो. रेकॉर्डर धरतात उभा, आपल्या अलगुजासारखा. तोंडाशी एक ठोकळा बसवून हवेला अरुंद वाट ठेवलेली असते. फुंक त्या वाटेने जाऊन पुढच्या धारेवर आपटते आणि सूर निघतो. पुढे सात भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. पहिला सूर लहान मूलही काढतं. म्हणूनच पुष्कळ लोक त्याला पोराटोरांचं खेळणं समजतात.

पण खरी गंमत पुढे आहे. यात फुंक जोरात मारली की सूर चढतो, हळू मारली की उतरतो. म्हणजे शेजारणीवर आवाज चढवून हे वाद्य वाजवताच येत नाही. वाजवलंच, तर सगळ्यांत आधी आपणच बेसूर होतो!

चारशे-पाचशे वर्षांपूर्वी युरोपात या वाद्याला मोठा मान होता. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री १५४७ साली वारला, तेव्हा त्याच्या सामानाच्या यादीत ७६ रेकॉर्डर होते. बाख, हँडेल, विवाल्डी अशा मोठ्या संगीतकारांनी त्याच्यासाठी रचना केल्या. पुढे वाद्यवृंद मोठे झाले, सभागृहं मोठी झाली. मोठ्या आवाजाच्या वाद्यांपुढे याचा मऊ आवाज ऐकू येईना. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रेकॉर्डर मागे पडला तो दीडशे वर्षं.

त्याला परत आणलं जुन्या संगीताच्या वेड्यांनी. इंग्लंडमध्ये अर्नोल्ड डॉलमेच नावाचे गृहस्थ जुनी वाद्यं जमवायचे, दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे एक जुना, मौल्यवान रेकॉर्डर होता. १९१९ साली लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर त्यांच्या लहान मुलाच्या हातून तो असलेली पिशवी विसरली आणि वाद्य गेलं. आपल्या घरी काय झालं असतं, ते सांगायला नको. डॉलमेच मात्र स्वतःच नवा रेकॉर्डर बनवायला बसले. १९२५ साली त्यांनी हेझलमियर या गावी जुन्या संगीताचा महोत्सव सुरू केला. ज्याच्या हातून पिशवी हरवली, तो कार्ल डॉलमेच पुढे रेकॉर्डरचा नामवंत वादक झाला.

आज असे महोत्सव अनेक ठिकाणी होतात. अमेरिकेतल्या बोस्टनचा महोत्सव मोठा मानतात. पहिला १९८१ साली झाला. दर दोन वर्षांनी, जून महिन्यात, आठवडाभर चालतो. मोठी संगीत नाटकं असतात, वाद्यं बनवणारे कारागीर आपली वाद्यं मांडून बसतात. त्यातच अमेरिकन रेकॉर्डर सोसायटी ही संस्था रेकॉर्डरचे कार्यक्रम ठेवते. ही संस्था १९३९ साली सुझान ब्लॉक या बाईंनी स्थापन केली, हे ऐकून आम्हाला विशेष आनंद झाला.

तिथल्या एका कार्यक्रमाचं नाव 'रेकॉर्डर रिले'. धावण्याच्या शर्यतीत एकीने काठी दुसरीच्या हाती द्यावी, तशा एकामागून एक छोट्या मैफिली. कुणी एकट्याने वाजवतं, कुणी चौघं मिळून. रेकॉर्डरचं कुटुंबच असतं. वीतभर लांबीच्या धाकट्यापासून माणसाच्या उंचीला टेकणाऱ्या थोरल्यापर्यंत. सगळे मिळून वाजवतात तेव्हा शेजारच्याचं ऐकून आपला सूर जुळवावा लागतो.

कधी शिकवणीचा जाहीर वर्गही असतो. शिकणारा लोकांसमोर वाजवतो आणि गुरू तिथेच त्याची चूक दाखवतो. आणि आम्हाला सगळ्यांत आवडलं ते असं, की ऐकायला आलेल्या हौशी माणसांनी आपापला रेकॉर्डर घेऊन एकत्र बसून वाजवायचं, असाही कार्यक्रम ठेवतात. म्हणजे तिकीट काढून नुसतं टाळ्या वाजवायला जायचं नाही.

एकट्याने वाजवायचं म्हटलं की वादक हमखास याकोब फान आयक यांच्या रचनांकडे वळतात. हे नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरातले. जन्मापासून अंध. चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा वाजवणं ही त्यांची नोकरी. लिहिता येत नसल्याने त्यांनी रचना दुसऱ्याकडून उतरवून घेतल्या. साधारण दीडशे रचनांचा त्यांचा संग्रह आजही वाजवला जातो. १६४९ साली त्यांचा पगार ८० गिल्डरवरून १०० झाला. अट एकच, संध्याकाळी चर्चच्या आवारात फिरायला येणाऱ्यांना अधूनमधून आपल्या छोट्या बासरीने रिझवायचं.

मैत्रिणींनो, इथे आम्ही थांबलो. कारण मागच्या वर्षी आमच्याच गटात यावरून वाद झाला होता. बैठकीनंतर अर्धा तास गाणी-ओव्या म्हणाव्यात, असं एका मावशींनी सुचवलं होतं. त्यांना जात्यावरच्या कितीतरी ओव्या पाठ आहेत. तेव्हा आम्हीच विचारलं, "यातून गटाला काय मिळणार?" मावशी काही बोलल्या नाहीत. पुन्हा त्यांनी विषयही काढला नाही.

पावणेचारशे वर्षांपूर्वी एका चर्चला वाटलं, की दमूनभागून संध्याकाळी बाहेर पडलेल्या माणसाच्या कानावर दोन सूर पडावेत, आणि त्यासाठी जादा पैसे मोजावेत. आम्ही मात्र फुकटचा अर्धा तासही नाकारला. त्या प्रश्नाचा हिशेब आम्ही चुकीच्या वहीत मांडला होता.

मावशींच्या घरी जाऊन आम्ही हे कबूल केलं. त्या म्हणाल्या, "अगं, आता निम्म्या विसरले मी." एखादं वाद्य दीडशे वर्षं पडून राहिलं, तरी लाकूड आणि कागद मागे उरले होते, त्यावरून ते पुन्हा उभं राहिलं. मावशींच्या ओव्या कुठेच लिहिलेल्या नाहीत. म्हणून आता दर बैठकीनंतर अर्धा तास त्या म्हणतात, आम्ही मागून म्हणतो आणि ती रेकॉर्डरवाली मुलगी वहीत उतरवून घेते. मध्येच ती एखादी चाल आपल्या प्लास्टिकच्या रेकॉर्डरवर वाजवून बघते. अजून पीं पीं होतंच. पण आता तिला कुणी गप्प बस म्हणत नाही.

तुमच्याही गटात अशी एखादी मावशी, आजी असेल. तिला विचारायला उशीर करू नका.

नमस्कार.