"घरचीच मुलगी आहे, करून देईल"

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात बोधचिन्हाच्या अनावरणप्रसंगी केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेत आयुष्य गेल्यामुळे वेळ आणि हिशोब दोन्ही पाळायची सवय आहे, तेव्हा काळजी नसावी.

या पडद्यामागे जे बोधचिन्ह आहे ते आपल्याच बी विंगमधल्या मुलीने तयार केलं आहे. ती कुठे नोकरी करत नाही. घरी बसून बोधचिन्हं, पुस्तकांतली चित्रं, माहितीपत्रकं करते. तिची गिऱ्हाइकं म्हणजे एखादं वाचनालय, एखादी शाळा, एखादा महिला बचत गट. समितीत तिचं नाव निघालं तेव्हा पाठोपाठ एक वाक्य आलं, "घरचीच मुलगी आहे, करून देईल." वाक्य प्रेमाचं होतं, पण त्याचा अर्थ 'फुकट' असा होता. या "करून देईल"बद्दलच मला चार शब्द बोलायचे आहेत.

पहिलं उदाहरण माझ्या क्षेत्रातलं. आपल्या खिशातल्या नोटेवर रिझर्व्ह बँकेची मुद्रा असते, वाघ आणि ताडाचं झाड. बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. मुद्रा कशी हवी हे आधी ठरवलं होतं. बँकेचं सरकारी स्वरूप दिसावं, पण फार ठळक नको. त्यात काहीतरी भारतीय असावं. ती साधी आणि देखणी असावी. आणि पत्राच्या माथ्यावर वगैरे फारसा बदल न करता वापरता यावी. ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवर सिंह आणि ताड होता, तो पसंत पडला. मात्र भारताचा प्राणी म्हणून सिंहाऐवजी वाघ घेतला. फेब्रुवारी १९३५ मध्ये संचालक मंडळाने नमुना मंजूर केला, पण प्राण्याचं रूप सुधारा असं सांगितलं. डेप्युटी गव्हर्नर सर जेम्स टेलर यांनी तर कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअरच्या फाटकावरच्या वाघाच्या पुतळ्याचा फोटो काढवला आणि सरकारी टांकसाळ व नाशिकचा छापखाना यांच्याकडून नवी रेखाटनं करवून घेतली. तरी १९३८ साली त्यांची तक्रार होतीच, की झाड ठीक आहे, पण वाघ कुत्र्यासारखा दिसतो!

हसण्यावारी नेऊ नका. चित्र काढणं हे काम आहे, त्याला वेळ लागतो, आणि काय हवं ते आधी ठरवावं लागतं, हे त्या लोकांना कळत होतं. पुढे १९७१ साली स्टेट बँकेचं निळं वर्तुळ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी केलं. २०१० साली रुपयाचं चिन्ह आलं, ते डी. उदय कुमार यांचं. त्यासाठी सरकारने स्पर्धा ठेवली आणि अडीच लाखांचं बक्षीस दिलं. सरकारनेही "देशाचंच काम आहे, करून द्या" असं म्हटलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्या मोठ्या संस्था, त्यांचं आपल्याला काय? म्हणून आता लहान जागेचं सांगतो.

नोकरीच्या निमित्ताने मी तीन वर्षं मोखाडा तालुक्यात होतो. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, पालघर जिल्हा २०१४ साली झाला. कर्जवसुलीसाठी पोशेऱ्याच्या बाजूला माझं नेहमी जाणं व्हायचं. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. होळीनंतरच्या दिवसांत गावोगाव रात्री मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं नाचतात. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मुखवटे असतात. ते करणारा कारागीर हा त्या गावाचा डिझाइनरच म्हणायचा. गावाला कुठलं सोंग कसं दिसायला हवं ते ठाऊक असतं, त्यामुळे गिऱ्हाईक सगळं गाव आणि परीक्षकही सगळं गाव.

त्याच ओळखीने दोन वर्षांपूर्वी त्या भागातल्या एका महिला बचत गटाचा निरोप आला. नागलीचे पापड आणि नागलीचं पीठ विकायला काढलं होतं, पिशवीवर छापायला चिन्ह हवं होतं. मी आपल्या या मुलीचं नाव सुचवलं आणि तिच्याबरोबर पोशेऱ्याला गेलोही. तिने आधी एक छान कमळ काढून नेलं होतं. बायकांनी पाहिलं आणि एक मावशी म्हणाल्या, "चांगलं हाय, पण हे आमचं नाय." मग तिने वही मिटली आणि दिवसभर त्यांच्याबरोबर हिंडली. नागलीचं कणीस तुम्ही पाहिलंय का? पक्वतेला आलं की त्याची बोटं आत वळतात, मिटलेल्या मुठीसारखी. संध्याकाळी तिने तेच काढलं, एका रंगात. कारण रबरी शिक्क्यातही ते उमटायला हवं आणि चार रंगांची छपाई गटाला परवडणार नव्हती. मावशींनी बोट ठेवून सांगितलं, "ही आमची मूठ."

पुढचं मला महत्त्वाचं वाटतं. गटाच्या बैठकीत तिच्या मोबदल्याचा ठराव झाला, इतिवृत्ताच्या वहीत लिहिला गेला आणि सह्या-अंगठे झाले. रक्कम लहान होती, पण ठरल्या दिवशी मिळाली. तिने नको म्हटलं तेव्हा अध्यक्षीण बाई म्हणाल्या, "पोरी, तू फुकट दिलंस तर उद्या आमच्या पापडाला पण लोक फुकट मागतील."

मंडळी, हे वाक्य मी समितीत सांगितलं आणि चर्चा तिथेच थांबली. आपणही रीतसर ठराव केला, निम्मी रक्कम आधी आणि निम्मी काम झाल्यावर दिली. लेखी करारही केला. तो का, हे सभासदांना माहीत असावं. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रकाराच्या बोधचिन्हाचा हक्क साधारणपणे त्याच्याकडेच राहतो. तो लेखी हस्तांतरानेच आपल्याकडे येतो, आणि हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो. घरची मुलगी असली तरी कागद घरचा नसतो!

दुसरा विषय कंपाउंडच्या भिंतीचा. त्यावर वारली चित्रं काढायची सूचना आली आहे, आणि रंगारी मोबाईलवर पाहून काढून देईल असंही कोणी म्हणालं. वारली चित्र मुळात लग्नघरचं. सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते. ते प्रसंगाचं आणि मानाचं काम आहे. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ते जगभर नेलं, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१४ पासून या कलेला भौगोलिक मानांकनही आहे. आपण मुंबई-ठाण्याचे लोक त्यांच्या जिल्ह्याशेजारी राहतो. दोन दिवसांचा प्रवास-खर्च, योग्य मोबदला आणि भिंतीच्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव, एवढं करून त्याच भागातला कलाकार बोलवावा, अशी माझी सूचना आहे. ती पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. तेव्हा विरोध करायचा असेल तर तयारीने या.

आता आपल्या चिन्हाबद्दल. कोणाला चारही विंगचा फोटो हवा होता, कोणाला उगवता सूर्य, कोणाला संपूर्ण नाव रजिस्ट्रेशन नंबरासकट. तिने सगळ्यांचं ऐकलं आणि जुन्या सभासदांना एकच प्रश्न विचारला, "पहिल्या वर्षी इथे काय होतं?" बहुतेकांनी एकच उत्तर दिलं, फाटकाजवळचं जांभळाचं झाड. पार्किंगसाठी ते तोडायचा विचार होता आणि पहिल्या सभेत आपण तो हाणून पाडला. त्या झाडाच्या चार फांद्या म्हणजे आपल्या चार विंग. एका रंगात आहे, त्यामुळे पावतीवर, शिक्क्यात, पाण्याच्या टाकीवर, कुठेही चालेल.

आपल्या प्रत्येकाच्या घरी मुंज, लग्न, दुकानाची पाटी असं काही ना काही निघतंच. या इमारतींत चित्र काढणारी, शिवण करणारी, शिकवणी घेणारी बरीच तरुण मंडळी आहेत. त्यांच्याकडे जरूर जा. पण आधी काय हवं ते नीट सांगा, मग दर विचारा, आणि ठरलेली रक्कम वेळेवर द्या. पंचवीस वर्षं एकमेकांच्या शेजारी राहिल्याचा हा तरी फायदा व्हावा.

माझी दहा मिनिटं संपली. अध्यक्षांनी पडदा दूर करावा, आणि त्याआधी त्या मुलीला स्टेजवर बोलवावं, ही विनंती.