हेरांचा कान कोणीं धरावा ?

राज्य म्हटलें कीं हेर आलेच. कौटिल्यानें त्यांची व्यवस्था तपशिलानें सांगितली आहे आणि शत्रूची चाहूल न घेणारें राज्य फार काळ टिकत नाहीं. मात्र हेच हेर आपल्याच प्रजेच्या दाराला कान लावूं लागले, तर त्यांचा कान कोणीं धरावा ?

अमेरिकेंत या प्रश्नाची जाग फार उशिरां आली. रेव्हरंड मार्टिन ल्यूथर किंग हे १९५९ सालीं मुंबईस आले, तेव्हां आग्रहानें गांधीजींच्या मणिभवनांत राहिले. शस्त्र न धरतां आपल्या कृष्णवर्णी बांधवांचे हक्क मागणाऱ्या या पुरुषाला एडगर हूवर यांच्या एफ.बी.आय. खात्यानें देशाला धोकादायक ठरविलें. १९६३ सालीं कायदेखात्याचे मंत्री रॉबर्ट केनेडी यांची संमति घेऊन त्यांचा टेलिफोन चोरून ऐकण्यांत आला. हॉटेलांतील त्यांच्या खोल्यांत मायक्रोफोन दडविले गेले. १९६४ च्या नोव्हेंबरांत, ते नोबेल पारितोषिक स्वीकारण्यापूर्वीं, खात्यानें एक निनावी पत्र व ध्वनिमुद्रित फीत त्यांना धाडली. अब्रू चव्हाट्यावर येण्यापूर्वीं एकच मार्ग उरला आहे, असा पत्राचा आशय होता. आपण आत्महत्या करावी हाच त्याचा हेतु, असें किंग समजले. तें पाकीट उघडलें त्यांच्या पत्नीनें !

ही नीति खात्यांतील कोणीं उघडी केली नाहीं. ८ मार्च १९७१ च्या रात्रीं मीडिया नांवाच्या गांवीं आठ नागरिकांनीं खात्याची लहानशी कचेरी फोडली व तेथील कागद वर्तमानपत्रांकडे पाठविले. पुढें १९७५ सालीं सेनेटर फ्रँक चर्च यांची समिति बसली. तिनें निनावी पत्राची हकीकत तर मांडलीच, शिवाय सी.आय.ए. नें २० वर्षांत न्यूयॉर्कच्या टपालांतील २,००,००० हून अधिक पत्रें उघडल्याचेंही दाखविलें. हूवर ४८ वर्षें अधिकारावर होते. १९७६ च्या कायद्यानें त्या पदाची मुदत १० वर्षें ठरली. १९७८ सालीं हेरगिरीच्या शोधासाठीं देशांत चोरून ऐकण्यास न्यायालयाची परवानगी आवश्यक झाली.

तें न्यायालयही बंद दाराआड चाले. त्याच्याच हुकुमानें कोट्यवधि नागरिकांच्या टेलिफोनच्या नोंदी गोळा होत होत्या, हें एडवर्ड स्नोडेन यांच्यामुळें २०१३ सालीं कळलें.

भारताचा इंटेलिजन्स ब्यूरो १८८७ पासून चालत आला आहे. त्याच्यासाठीं संसदेनें स्वतंत्र कायदा अद्याप केलेला नाहीं. गुप्तता ही राज्याच्या रक्षणापुरती असावी. तिचा हिशेब लोकप्रतिनिधींनीं वेळेवर मागितला नाहीं, तर तो मागण्यासाठीं सज्जनांना कुलुपें फोडावीं लागतात.