उसाच्या ट्रॉलीची हवा आणि तिच्यावर पहारा ठेवणारे यंत्र



गळीत हंगाम सुरू झाला की लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर रात्रंदिवस उसाच्या गाड्या चालू होतात. मांजराकाठचा ऊस असो की अर्धापूरकडचा, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून तो कारखान्याला जातो. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड या हमरस्त्यावर रात्री टायर बसून एका अंगाला कललेली ट्रॉली ज्याने पाहिली असेल, त्याला मागून अंधारात येणाऱ्या मोटारसायकलवाल्याची काळजी वाटल्याशिवाय राहत नाही. ट्रॉलीवाल्याचे नुकसान पैशाचे असते. धडकणाऱ्याचे नुकसान भरून येणारे नसते.

आता तुम्ही म्हणाल, टायरची हवा कमी झाली तर ड्रायव्हरला कळणार नाही का? ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची कमी झाली तर कळते, स्टिअरिंग ओढू लागते. पण मागच्या ट्रॉलीचे तसे नाही. त्यातून दुसऱ्या ट्रॉलीचे चाक तर ड्रायव्हरपासून इतके लांब, की टायर बसून रिमवर चालू लागला तरी इंजिनाच्या आवाजात पत्ता लागत नाही. कळते तेव्हा ट्यूबचे तुकडे झालेले असतात.

हवा कमी असलेला टायर भाराखाली प्रत्येक फेऱ्याला कडेला वाकतो. वाकला की तापतो, आणि तापला की आतले थर सुटू लागतात. म्हणजे फुटण्याचे काम दोन-चार खेपा आधीच सुरू झालेले असते. खिळा हे पुष्कळदा नुसते निमित्त.

तेव्हा पहिला प्रश्न हा, की आपल्या टायरमध्ये हवा किती पाहिजे? त्याचे उत्तर टायरच्या कडेवरच छापलेले असते. कमाल भार इतके किलो, आणि त्यासाठी थंड टायरमध्ये इतका दाब. बाजारात त्याला पीएसआय म्हणतात, पंक्चरवाला पौंड म्हणतो. दोन्ही एकच. आपला भार काढायला कारखान्याच्या काट्याची पावती आहेच. समजा एका चारचाकी ट्रॉलीचे उसासह वजन १० टन भरले. भार सारखा पडला असे धरले तरी एका चाकावर अडीच टन आले. टायरवर २२०० किलो छापलेले असेल, तर कितीही हवा भरा, तो टायर त्या ओझ्याचा नाही. येथे यंत्र काही करू शकत नाही. ओझे कमी करणे किंवा योग्य टायर बसवणे, एवढेच उरते.

दुसरे, हवा सकाळी गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना पाहावी. ८० पौंडांच्या टायरला बाहेरच्या हवेतल्या दर १० अंशांमागे साधारण ३ पौंडांचा फरक पडतो, आणि चालल्याने तो आणखी वाढतो. दुपारी वाढलेला आकडा पाहून कित्येकजण हवा सोडून देतात. तसे करू नये. रात्री टायर गार झाला की तो कमी हवेवर चालू लागतो. टॉमीने ठोकून आवाजावरून अंदाज घेण्याची पद्धत आहे. तिने पार बसलेला टायर ओळखू येतो, पण ८० चे ६० झालेले कळत नाही. म्हणून हवा मोजण्याचा मीटर स्वतःचा असावा. आपला नेहमीचा आकडा त्याच्या तबकडीच्या मध्याजवळ येईल असा घ्यावा. बैलगाडीवाल्यांना आणि शेतातल्या शेतात ट्रॉली वापरणाऱ्यांना एवढा मीटर पुरे आहे. त्यांनी पुढच्या खर्चात पडू नये, असे माझे मत आहे.

रात्री लांबच्या खेपा करणाऱ्यांसाठी मात्र टीपीएमएस नावाचे यंत्र आहे. चाकागणिक एक लहान सेन्सर हवा मोजतो आणि बिनतारी संदेशाने ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर आकडा दाखवतो. हवा उतरली की ओरडतो. अमेरिकेत २००० साली टायर निकामी होऊन मोटारी उलटल्याचे प्रकरण गाजले, कायदा झाला, आणि २००७ पासून तेथील नव्या हलक्या गाड्यांना हे सक्तीचे झाले. तिकडे राहण्याची खोलीच गाडीमागे ओढून नेणारे हौशी लोकही ते वापरतात. कारण आपलेच: ओढलेल्या गाडीचे टायर ओढणाऱ्याला जाणवत नाहीत.

घेताना सगळ्यात आधी हे पाहावे, की टायर ट्यूबचा आहे की बिनट्यूबचा. आपल्या ट्रॉल्यांचे बहुतेक टायर ट्यूबचे. त्यांना रिमच्या आत बसणारा सेन्सर चालत नाही, वॉल्ववर टोपीसारखा फिरवून बसवायचाच घ्यावा लागतो. मग त्याची मोजण्याची हद्द विचारावी. मोटारीसाठी केलेले सेन्सर कमी दाबाचे असू शकतात. आपल्याला ८०-१०० पौंड थंडीत लागत असतील, तर तापल्यावरचा आकडाही त्याच्या हद्दीत बसला पाहिजे. दुकानदाराला तोंडी विचारू नका, खोक्यावर छापलेले वाचा.

दोन चारचाकी ट्रॉल्या म्हणजे आठ चाके. पडद्यावर आठ चाके जोडता आली पाहिजेत. शेवटचे चाक लांब असते आणि मध्ये लोखंड व ऊस, म्हणून संदेश पुढे ढकलणारा जोडडबा, ज्याला रिपीटर म्हणतात, मिळतो की नाही तेही पाहावे. ट्रॅक्टरला बहुधा केबिन नसते, तेव्हा पडदा उन्हात वाचता यावा, धुळीपाण्यात टिकावा आणि आवाज इंजिनावर ऐकू यावा. सेन्सरची बटण-बॅटरी बदलता येते का, तेही विचारावे.

टोपीच्या सेन्सरचा एक दोष आहे. तो बसला की वॉल्वची पिन दाबलेली राहते. टोपीच ढिली झाली किंवा पाचटात अडकून तुटली तर हवा तेथूनच जाते. बसवल्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, आणि वॉल्व रबरी व लुळा असेल तर आधी बदलावा. चाकांवर रंगाने आकडे टाकावेत. ट्रॉल्या मागेपुढे जोडल्या गेल्या तर पडद्यावरचे तीन नंबर नेमके कोणते, हा घोळ रात्री होतो.

इशारा कोठे लावायचा? थंड हवा ८० असेल तर खालचा ६८ वर आणि वरचा १०० वर ठेवावा. हे यंत्र सावकाश जाणारी हवा पकडते. घाव बसून एकदम फुटणारा टायर ते आधी सांगू शकत नाही. म्हणून ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्ट्या पाहिजेतच, आणि उसाच्या ओझ्यावर माणूस बसवू नये.

यंत्र आणल्यावर हंगामाआधी, रिकाम्या ट्रॉलीला, सगळ्यात मागच्या चाकाची थोडी हवा मुद्दाम सोडून पाहा. इंजिन चालू ठेवा आणि ड्रायव्हरला जागेवर बसवा. त्याला इशारा ऐकू आला नाही, तर पावती जपून ठेवा आणि यंत्र तेव्हाच परत करा.