जुन्या पुतळीची पारख

ज्या काळी, म्हणजे १७३९ साली, चिमाजी आप्पांनी फिरंग्यांकडून वसई सर केली, त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर प्रचलित असलेले सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे व्हेनिसचे सुवर्णनाणे आपल्याकडे ‘पुतळी’ म्हणून माळेत ओवले जाई. अशा नाण्यावर ठशाला तडा गेल्यामुळे उमटलेली रेषा पृष्ठभागाहून किंचित वर उचललेली असते, आणि वापराची स्वाभाविक झीज उंचवट्यांवर प्रथम दिसते. उलटपक्षी, झाळलेली कडी काढून काठ कानशीने घासला असेल, तर समांतर ओरखडे व फिकट डाग भिंगाखाली स्पष्ट होतात, आणि काठ कातरला असल्यास तराजूच त्याची साक्ष देतो. म्हणून वारसाने आलेले नाणे घासूनपुसून चकचकीत न करता, आहे त्याच स्थितीत जाणकार सराफास दाखवावे.